पातूरची फरशी आणि रुख्मिणीची शपथ

अकोला तालुक्यात घरातल्या घरात कापूस पिकवणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो मी. ही बढाई नव्हे. बढाई मारायची म्हटली तर माझ्याजवळ दुसरे विषय आहेत. माझी बैलजोडी आहे, माझं अक्षर आहे. पण आमच्या गावातले लोक ही हकीकत सांगताना पुढचं-मागचं गाळतात, मधलंच तेवढं सांगतात आणि हसतात. म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकतो. ऐकून झाल्यावर हसायचं असेल तर हसा, माझी हरकत नाही.

सुरुवात कौंडण्यपुरात झाली, कार्तिकाच्या जत्रेत. तेव्हा सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई चालली होती. कोण कोणाशी लढतंय आणि कशासाठी, हे आम्हाला धड माहीत नव्हतं, पण त्यांच्यात समेट होऊ नये असं वऱ्हाडातल्या प्रत्येक शेतकऱ्याला मनापासून वाटत होतं. तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून विलायतेच्या गिरण्या आमच्या कापसावर तुटून पडल्या होत्या. लोकांच्या हातात पैसा आला आणि डोक्यात काहीबाही यायला लागलं. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. आमचे शेजारी जानराव यांनी मुंबईहून भिंतीवरचं घड्याळ मागवलं. ते कसं वाचायचं हे त्यांच्या घरात कोणालाच येत नव्हतं, म्हणून ते रोज सकाळी त्याला हळदकुंकू वाहत.

मग मीही बायकोला विचारलं. रुख्मिणीच्या देवळाच्या पायरीवर आम्ही बसलो होतो, आणि मी अगदी दिलदारपणे म्हणालो, "सांग, यंदा तुले काय पाह्यजे?" मला वाटलं, ती पुतळ्यांची माळ म्हणेल. मैनाबाईनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"मले सारवा लागणार नाही अशी भुई पाह्यजे," ती म्हणाली.

तेव्हा मी तिचे हात पाहिले. सोळा वर्षं ती आमच्या घरात नांदत होती. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर. सगळं दर चार दिवसांनी शेणानं सारवायचं, सणावाराला जास्तीचं. हिवाळ्यात तिच्या बोटांना भेगा पडत, त्या भेगांत शेणमाती जाई, आणि ती चुलीशी बसून त्यात कोमट तेल सोडी. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत आलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. मला लाज वाटली. माझा स्वभाव असा आहे की लाज वाटली की माझा आवाज चढतो.

कौंडण्यपूर म्हणजे रुख्मिणीचं माहेर. मी उठलो, देवळाच्या उंबरठ्यावर हात ठेवला आणि ओरडलो, "रुख्मिणीमाय, तुह्या माहेरात उभा राहून सांगतो! येत्या पोळ्यापासून ही बाई सारवणाच्या शेणाले हात लावणार नाही. लावला, तं मी खुशालराव नाही!"

शिखरावरची कबुतरं उडाली. गुरवानं घंटा वाजवायची थांबवली. आणि माझ्या मागेच मैनाबाईची थोरली बहीण गंगूबाई उभी होती, सोबत तिचे यजमान रामराव. रामराव अमरावतीच्या कापूसबाजारात दलाल. शपथ एकट्या देवीनं ऐकली असती तर पुढेमागे समजुतीनं घेता आलं असतं. गंगूबाईनं ऐकली म्हणजे ती दप्तरी दाखल झाली.

परतताना रामरावांनी आग्रह करकरून आम्हाला अमरावतीला आपल्या घरी नेलं. आग्रहाचं कारण दारातच कळलं. त्यांनी नवी फरशी घातली होती. निजामाच्या मुलखातून आणलेली, गुळगुळीत, तोंड दिसेल इतकी. जोडे त्यांनी बाहेर काढायला लावले, मग पाय धुवायला लावले, मग पुसायला लावले. एवढं झाल्यावर हातातली काठी फरशीवर टेकवली.

"आयकला आवाज?"

"आयकला," मी म्हणालो.

"तुमच्याकडे हे जमणार नाही, खुशालराव. शपथ घेणं सोपं हाये. फरशीले अक्कल लागते."

मी हसलो. हसताना माझी दाढ दुखली इतका हसलो. खरं सांगायचं तर त्या क्षणापासून प्रश्न एकट्या मैनाबाईच्या हातांचा राहिला नाही. त्यात माझ्या नाकाचाही हिस्सा आला. तेवढी भेसळ मी कबूल करतो.

गावी आल्यावर मी फरशी घालणार ही बातमी माझ्या आधी घरोघर पोचली होती. आमच्या गावात एखाद्यानं विहीर खणायला घेतली तर लोक लांबून बघतात. पण ज्या गोष्टीतलं कोणालाच काही कळत नाही तिच्यावर सल्ला द्यायला मात्र सगळे अंगणात येऊन बसतात. सगळ्यांत आधी आले नत्थुजी. वयानं मोठे, अंगानं त्याहून मोठे. त्यांनी सांगितलं की दगडाच्या भानगडीत पडूच नये, चुनेगच्ची करावी. चुन्यात गूळ, बेलफळाचा गर आणि उडदाचं पीठ घालून एक महिना मळावं. जानराव म्हणाले, गुळानं मुंग्या येतात, त्यापेक्षा विटा घाला. नत्थुजी म्हणाले, विटांवर पाय पोळतात. जानराव म्हणाले, मग जोडे घाला. नत्थुजी म्हणाले, घरात जोडे घालणारा माणूस त्यांनी एकच पाहिला होता, आणि तो गोरा होता आणि तापानं मेला. यावर दोघे तीन दिवस बोलत नव्हते, पण दोघेही माझ्याच अंगणात बसत होते, आणि चहा तेव्हा नव्हता म्हणून मैनाबाई दोघांनाही ताक देत होती.

शेवटी मी रऊफ मिस्त्रीला बोलावलं. रऊफ पातूरचा. दगडाच्या कामात त्याच्यासारखा हात साऱ्या परगण्यात नव्हता. तो मला पातूरला घेऊन गेला, खाणीचा काळा दगड दाखवला, आणि मग जवळच्या जुन्या लेण्यांत नेलं. आत थंडगार होतं. त्यानं जमिनीवर हात फिरवला.

"देखो भाऊ. हजार वर्सं झाली का दोन हजार, अल्लाले माहीत. पन जमीन हालली नाही."

"मले हेच पाह्यजे," मी म्हणालो.

"मिळन. पन हिच्या खाली पहाड आहे. तुमच्या घराच्या खाली काय आहे, ते आदी पाहावं लागन."

हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. पण मी त्या वेळी मनातल्या मनात रामरावांना लेण्यांतला दगड दाखवत होतो आणि ते तोंडात बोट घालत होते, त्यामुळे लक्ष नव्हतं.

दगड ठरला. रऊफनं जुनी भुई खणून काढली आणि सांगितलं की जोत्यात हातभर मुरूम भरून धुम्मस मारायचं, म्हणजे ठोकून ठोकून बसवायचा, आणि वर फरशी. मुरूम म्हणजे डोंगराकडची लाल भुसभुशीत माती. ती कुठंही मिळते, असं मी आयुष्यभर समजत होतो. त्या वर्षी ती कुठंही मिळत नव्हती. आगगाडीचा रस्ता अकोल्याकडे सरकत होता आणि दहा कोसांतल्या मुरमाच्या खाणी सरकारनं त्या कामासाठी राखून ठेवल्या होत्या. कचेरीतून परवाना आणा, म्हणाले. मी अकोल्याला कचेरीत गेलो. तिथला कारकून पुण्याकडचा होता.

"घराच्या जोत्याले मुरूम पाह्यजे," मी म्हणालो.

"ओरडू नका," तो म्हणाला.

"मी ओरडून नाही राहिलो. मी इचारून राहिलो."

त्यानं वही उघडली. "मुरूम रस्त्यासाठी मिळतो, पुलासाठी मिळतो, रेल्वेच्या बांधासाठी मिळतो. घरासाठी असं सदरच नाही. तुम्ही रस्त्यासाठी अर्ज करा."

"माह्या घरात रस्ता नाही."

"माजघरातून ओसरीवर जाता की नाही?"

"जातो."

"मग तो रस्ताच झाला. लिहा. कुठून कुठे, लांबी, रुंदी."

माझं अक्षर चांगलं आहे हे मी वर म्हटलंच. मी मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'माजघर ते ओसरी'. कारकुनानं वाचलं, मान हलवली, आणि सही घेता घेता सहज म्हणाला, "एक लक्षात ठेवा हो. सरकारी मुरुमाचा रस्ता झाला की तो रहदारीला खुला. मग कोणाला अडवता येणार नाही. गाड्यासुद्धा."

माझ्या डोळ्यांपुढे जानराव उभे राहिले. आपली गाडी माझ्या माजघरातून हाकत, मैनाबाईला बाजूला व्हायला सांगत, ओसरीवरून उतरून चाललेले. असा माणूस आहे तो. रस्ता सरकारी आहे कळल्यावर तो दिवसातून दोनदा गेला असता. मी अर्ज परत घेतला, चार तुकडे केले आणि ताठ मानेनं बाहेर पडलो. पायऱ्या उतरताना मला ती कल्पना सुचली, आणि सुचली तेव्हा ती मला फार थोर वाटली.

माझ्या शेतात माती होती. साधी नव्हे, काळी. पुरुषभर खोल. जिच्या कापसासाठी विलायतेचे लोक जहाजं पाठवत होते ती माती सोडून मी कचेरीत लाल धुळीसाठी हात जोडत होतो! मी बैल जुंपले आणि शेतातली सर्वांत उत्तम माती आणली. बांधावरच्या चिंचेखाली आम्ही कापसाचा ढीग घालतो, तिथंच बाया रेचे मांडून सरकी वेगळी करतात; तिथली माती काजळासारखी. तिथली गाड्या भरभरून आणली. नत्थुजी आणि जानराव यांचं त्या महिन्यात प्रथमच एकमत झालं. दोघंही म्हणाले, काळीवर घर बांधत नाहीत, घर पांढऱ्या मातीवर बांधतात, म्हणून तर गावाला पांढरी म्हणतात. मी म्हणालो, तुम्ही घड्याळाला हळदकुंकू वाहता. हे जानरावांना लागू होतं, पण नत्थुजीही गप्प बसले.

रऊफ मात्र थापी खाली ठेवून उभा राहिला.

"भाऊ, काली मिट्टी जिंदा चीज आहे. पानी पिली का फुगते, उन्हात सुकली का फाटते. तिच्यावर फत्तर ठेवला तं ती त्याले पाठीवर घेऊन उठन."

"माह्या शेताची माती माह्यावर उठन?"

"कोनाची बी असो. तिले वळख नसते."

मी ऐकलं नाही. मग त्यानं नत्थुजींना साक्षीला बोलावून माझ्याकडून वदवून घेतलं की जोत्याची जिम्मेदारी खुशालरावची, फत्तराची रऊफची. आणि त्यानं फरशी अशी घातली की सांध्यात सुई जाणार नाही. ज्येष्ठाच्या सुरुवातीला काम संपलं. गाव बघायला लोटलं. नत्थुजी दुपारी जेवून आले आणि फरशी कशी आहे ते नीट कळावं म्हणून तिच्यावर आडवे झाले. थंडगार लागली, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी चौघे आले. पंधरा दिवस माझ्या माजघरात रोज दुपारी पाच म्हातारे घोरत होते, आणि मी दारात बसून ते घोरणं अभिमानानं ऐकत होतो.

मैनाबाई रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसायची आणि मग जरा वेळ नुसती तिच्यावर हात ठेवून बसायची. आषाढ लागेपर्यंत तिच्या बोटांच्या भेगा भरून आल्या. एकदा भाकरी वाढताना मला ते दिसलं, आणि मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग पाऊस पडला, पडत राहिला, आणि जोत्यातली माती पाणी प्यायली. एके सकाळी रांजणाजवळच्या फरशीचा एक कोपरा बोटभर वर आला. मी त्यावर पाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी पाट्यासकट वर आला. मग दार लागेना, म्हणून मी दार खालून तासून घेतलं. चार दिवसांनी तेवढंच परत तासावं लागलं. श्रावण अर्धा झाला तेव्हा माजघरात एकही भांडं सरळ उभं राहत नव्हतं. दुपारचे म्हातारे यायचे बंद झाले. नत्थुजी म्हणाले, झोपेत घरंगळायला होतं.

आणि एक दिवस मैनाबाईनं हाक मारली. रांजणाच्या कडेला, दोन फरशांच्या मधून, दोन जाड हिरवी पानं वर आली होती. ओसरीच्या खांबाजवळ तशीच आणखी.

"आवो, हे काय उगोलं?"

तीस वर्षं मी शेती केली होती. मी वाकून पाहिलं आणि म्हणालो, "गवत हाये."

आठ दिवसांत त्या गवताला पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, पानं फुटली. चिंचेखालच्या मातीत रेच्यांतून सांडलेली सरकी होती. ती इमानानं माझ्याबरोबर घरी आली होती आणि पाऊस पडल्यावर तिला जे येत होतं ते तिनं केलं. पऱ्हाटी मी घरात उपटू शकलो नाही. शेतकऱ्याच्या हातून उभं पीक उपटवत नाही, मग ते कुठं का उभं असेना.

या सगळ्यात पोळा आला. रामराव आणि गंगूबाई यांना मी चैत्रातच आमंत्रण देऊन ठेवलं होतं, आणि त्यात 'फरशी पाहावयास अवश्य येणे' हे शब्द घालून खाली दोन रेघाही ओढल्या होत्या. ते आले. रामराव काठी घेऊनच आले. आत शिरले, पहिल्याच फरशीला ठेचकाळले, सावरले, काठी टेकवली. आवाज आला, पण तो खालच्या चिखलाचा होता.

मी पाटपाणी झटपट मांडलं. माणूस जेवायला बसला की खाली कमी बघतो असा माझा हिशेब. फक्त एक चूक झाली. माजघराच्या मधल्या लांब फरशीच्या एका टोकाला रामराव बसले आणि दुसऱ्या टोकाला नत्थुजी. पुरणपोळी झाली, भात झाला, भातावर वरण आलं. नत्थुजींचं आटोपलं होतं. ते हात धुवायला उठले.

तिकडचं टोक वर गेलं, इकडचं खाली आलं. रामरावांचं ताट पुढे होतं ते मागे आलं, आणि वरण, भात, कढी, सगळं त्यांच्या नव्या धोतरात जाऊन बसलं. नत्थुजी घाबरून पुन्हा मटकन खाली बसले, तेव्हा रामराव वर गेले. रामराव वर होते तिथूनच त्यांना फरशांच्या मधली हिरवी रांग दिसली.

"हे काय हाये?"

"पऱ्हाटी," मी म्हणालो.

"घरात?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता, आणि खोटं का सांगू, त्या क्षणी मला त्या मातीचा खरोखर अभिमान वाटला. "आमची जमीन अशी हाये, रामराव. छातीवर दगड ठेवला तरी पिकते. तुमच्या अमरावतीच्या माजघरात काय पिकते?"

रामराव धोतर झटकायला बाहेर गेले. पण संध्याकाळी मैनाबाई पाण्याची घागर घेऊन येताना एका वर आलेल्या कोपऱ्याला अडखळून पडली. गुडघा फुटला. तेव्हा मात्र माझा अभिमान जागच्या जागी बसला. दुसऱ्या दिवशी मी रऊफला निरोप धाडला.

रऊफ आला, सगळ्या घरातून फिरला, प्रत्येक फरशीवर वाकून हात फिरवला. 'मी सांगितलं होतं' हे शब्द त्यानं काढले नाहीत. तो एवढंच म्हणाला, "फत्तर एक बी फुटला नाही." त्याचाही अभिमान होताच. मग आम्ही दोघांनी मिळून फरशा उचलल्या. खालची काळी माती गावातल्या लोकांनी उपसून नेली. जानरावांनी आपल्या पडक्या भिंतीची पांढरी माती न मागता आणून टाकली आणि स्वतः धुम्मस मारलं, हे त्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे. ओसरीच्या खांबाजवळची एक पऱ्हाटी मैनाबाईनं ठेवायला लावली. बाकीच्या मी उपटल्या, तोंड फिरवून.

पुढच्या वर्षी मुरूम आणून पुन्हा घालू, असं रऊफ म्हणाला. पण तो रेल्वेच्या पुलांवर कामाला गेला, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या लोकांनी आमचा विचार न करता लढाई मिटवली. कापूस आपटला. पण ते नंतरचं.

तेव्हाची अडचण वेगळीच होती. काटेपूर्णेला पूर आल्यामुळे रामराव-गंगूबाई अडकून पडले होते, आणि पोळ्यानंतर आठव्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. घरभर नुसती माती. सारवल्याशिवाय महालक्ष्म्या बसणार कुठं? आणि महालक्ष्म्यांची भुई परक्या बाईच्या हातून सारवून चालत नाही; घरच्याच हातानं सारवावी लागते.

आदल्या दिवशी गंगूबाई पाटावर बसून म्हणाली, "सारव बाई आता. शपथेचं काय, देवी आपलीच हाये. समजून घेईन." हे ती बहिणीला म्हणत होती आणि बघत माझ्याकडे होती.

मैनाबाईनं शेणाची पाटी ओढली. बाह्या सारल्या. तिचे हात माझ्या समोर होते. भेगा भरलेले, दोन महिन्यांचेच बरे झालेले. मी म्हणालो, "ठेव ते."

"मंग कोन करन?"

"ठेव म्हणतो ना!" माझा आवाज चढला होता. का चढला होता ते वर सांगितलंच आहे.

पहाटे सगळे झोपेत असताना मी उठलो. शेणात पाणी घातलं, पांढरी माती कालवली आणि सुरुवात केली. पाहताना वाटतं की बाया नुसता हात फिरवतात. तसं नसतं. जास्त दाबलं तर माती उकरते, कमी दाबलं तर शेणाचे गोळे राहतात, आणि हात एका वळणानं फिरून परत यावा लागतो, नाहीतर मनगट कामातून जातं. अर्ध्या घटकेत माझी पाठ धरली. ओसरी झाली, माजघर झालं, आणि शेवटच्या कोपऱ्यात पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की सारवताना आतून दाराकडे येत जायचं असतं. मी दारातून आत गेलो होतो. माझ्या मागे भिंत होती आणि पुढे सगळी ओली भुई. तो कोपरा महालक्ष्म्यांचा होता. देवींच्या जागेवर, कोपरापर्यंत शेणानं माखलेला मी, मांडी घालून बसलो.

मैनाबाई उठून दारात आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भुईकडे पाहिलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. दाराशी बसून राहिली, सुकेपर्यंत, मला सोबत म्हणून.

कोणाला कळलं नसतं. पण संध्याकाळी महालक्ष्म्या बसल्या, गावातल्या बाया हळदकुंकवाला आल्या, आणि बायांची नजर मी विचारात घेतली नव्हती. सारवलेल्या भुईवर बोटांचे फराटे उमटतात, आणि कोणत्या घरी कोणाचा हात फिरला हे बायांना त्या फराट्यांवरून कळतं. गंगूबाई खाली वाकली. एका फराट्यावर आपली वीत ठेवली. फराटा वितीला पुरून उरला.

"मैना," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "तुहा हात एवढा मोठा कवा झाला वं?"

बाया वाकून बघू लागल्या. ओसरीवर जानराव, नत्थुजी, रामराव बसले होते. त्यांनीही आत माना वळवल्या. माझ्या नखांत अजून शेण होतं. मी हात उपरण्याखाली घेतले होते. ते मी बाहेर काढले, दारात जाऊन उभा राहिलो आणि दोन्ही पंजे सगळ्यांना दिसतील असे पुढे धरले.

"तो हात माहा हाये," मी म्हणालो. या खेपेला माझा आवाज चढला नाही.

कोणीतरी बाई पदर तोंडाला लावून फसकन हसली. मग आणखी एक. नत्थुजींच्या तोंडून 'अरे बाप्पा' असं निघालं. मैनाबाई उठली आणि माजघराच्या मधोमध, नुसत्या भुईवर, पाट न घेता बसली. तळहात भुईवर टेकवले.

"मायच्या घरून आली, त्याले सोळा वर्सं झाली," ती म्हणाली. "माय सारवे, अन् मी आयती येऊन बसो. तवापासून दुसऱ्यानं माह्यासाठी सारवलेल्या भुईवर मी आज पयल्यांदा बसून राहिली."

हसणं थांबलं. गंगूबाई खाली बघत राहिली आणि बराच वेळ तिनं तो फराटा सोडला नाही. मग ती ओसरीकडे वळून रामरावांकडे बघू लागली. रामरावांनी काठी उचलली आणि नदीचं पाणी उतरलं का ते बघायला निघून गेले.

खांबाजवळच्या पऱ्हाटीला मार्गशीर्षात बोंडं फुटली. मैनाबाईनं ती घरात बसून वेचली, वाती वळल्या, आणि पुढच्या जत्रेला त्यांतली एक रुख्मिणीपुढे लावली. पातूरच्या फरशा आम्ही गावच्या विहिरीवर बसवल्या. बाया त्यांच्यावर धुणं धुतात, आणि रऊफचा एकही दगड अजून फुटलेला नाही. आमच्या घराची भुई मी दर चार दिवसांनी सारवतो, आतून दाराकडे. आता मनगटही दुखत नाही. फरशी कोणती घालावी हे विचारायला परगण्यातले लोक माझ्याकडे येतात, आणि मी त्यांना आधी घरी जाऊन बायकोचे हात बघून या म्हणतो.